भित्र्या रोग्याचा दंतवैद्य

दाढ दुखू लागली की माणूस प्रथम लवंग शोधतो, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, मग शेजाऱ्याने सांगितलेली गोळी घेतो; आणि एवढे सगळे झाल्यावरही दंतवैद्याकडे जायचे म्हटले की त्याला शेतातली, घरातली, कचेरीतली सारी राहिलेली कामे एकदम आठवतात. ताप आला तर हाच माणूस डॉक्टरकडे जाण्यास कचरत नाही. हात मोडला तर मिळेल ते वाहन करून हिंगोली गाठतो. पूर्णेच्या पाण्यात उडी टाकण्यास न डरणारा गडी दंतवैद्याच्या दारातून चपला न काढताच परत फिरतो, हे दृश्य सिद्धेश्वरला काय किंवा पुण्यामुंबईस काय, सारखेच.

अशा माणसास 'भिऊ नका' असे सांगण्याचा आमचा विचार नाही. हा उपदेश त्यास आजवर शेकडो वेळा झालेला आहे आणि त्याने कोणाची भीती गेल्याचे आम्हांस ठाऊक नाही. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो एवढाच, की ज्याची भीती जात नाही अशा रोग्याने, भीती असतानाच, भरवशाचा दंतवैद्य कसा शोधावा आणि मिळालेला दंतवैद्य भरवशाचा आहे हे कशावरून ओळखावे. आमच्या मते या शोधात त्याची भीती ही अडचण आहे तशीच ती एक उत्तम कसोटीही आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट ही की ही भीती वेडगळ नाही. माणसाने हजारो वर्षे दात उपटून घेतले ते शुद्धीवर राहून. दात काढताना वेदना टाळता येतात हे प्रथम नीट ध्यानात आले ते १८४४ साली, अमेरिकेतील हार्टफर्ड गावी. होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने एका खेळवाल्याच्या प्रयोगात 'हसविणारा वायू' हुंगलेल्या माणसास पायाला लागल्याचे कळलेच नाही, हे पाहिले, आणि दुसऱ्याच दिवशी तो वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढे बॉस्टनला मोठ्या डॉक्टरांपुढे हाच प्रयोग करताना रोगी ओरडला आणि बिचाऱ्या वेल्सची हुर्यो झाली. १८४६ साली त्याच्याच एका जुन्या सहकाऱ्याने, मॉर्टन याने, ईथर वापरून तेथेच यश मिळविले. म्हणजे आज सर्व शस्त्रक्रियांत जी भूल देतात तिच्या जन्मकथेत दोन दंतवैद्यच आहेत. ज्या धंद्याला जग सर्वांत भिते, त्यानेच जगाला वेदनेतून सोडविले, ही गोष्ट भित्र्या रोग्याने जरूर लक्षात ठेवावी. तेवढाच भाग बधिर करण्याची युक्ती १८८४ नंतर आली, प्रथम कोकेनच्या रूपाने. आज दवाखान्यांतून सर्रास वापरतात ते लिग्नोकेन स्वीडनच्या लोफग्रेनने १९४३ साली तयार केले आणि १९४८ साली ते बाजारात आले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने दाताच्या ज्या कहाण्या सांगितल्या त्या बहुतेक या आधीच्या काळातल्या, किंवा हे औषध जेथे पोहोचले नव्हते अशा ठिकाणच्या होत. कहाण्या खऱ्या होत्या. परंतु त्यांचा काळ गेला आणि त्या मात्र घराघरांत राहिल्या.

या कहाण्यांना जत्रेतल्या दात काढणाऱ्याने आणखी खतपाणी घातले. पुढ्यात फडके, फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग, शेजारी एक लोखंडी चिमटा आणि कसल्याशा औषधाच्या बाटल्या, असा त्याचा संसार. याच जातीचा दुसरा इसम रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड 'काढून' दाखवितो. वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले सर्वांना दिसतात. ते किडे नसून धुरीने फुटलेल्या बियांतले कोंब असतात. युरोपातही हीच हातचलाखी दुसऱ्या एका बीच्या धुरीने चालत असे. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात त्या फ्रान्सच्या पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात, दातातले हे किडे आपल्याला कधी दिसले नाहीत, असे लिहून ठेवले. आपण आजही 'दाताला कीड लागली' असेच म्हणतो. शब्द राहू द्यावा, हरकत नाही. मात्र ती कीड म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू व त्यांनी साखरेपासून तयार केलेले आम्ल, एवढे समजून घ्यावे.

पण भित्रा माणूस या दात काढणाऱ्याकडे का जातो, याचा विचार शहाणी माणसे करीत नाहीत. ती नुसती हसतात. तो जातो कारण तेथे खुर्ची नाही, यंत्राचा आवाज नाही, वाट पाहत बसणे नाही, आणि कोणी 'इतके दिवस काय करीत होता?' असे विचारून चारचौघांत लाजवीत नाही. काम एका क्षणात आटोपते. पुढे रक्त थांबत नाही, जबड्यात मूळ तुटून राहते, न उकळलेल्या चिमट्यातून दुसऱ्याची कावीळ आपल्याला येते, हे सारे नंतरचे. बनावट दात शेजारच्या चांगल्या दातांना मसाल्याने चिकटवून देणारेही याच वर्गातले. त्या मसाल्याखाली अन्न कुजून चांगले दातही हलू लागतात. असो. दोष केवळ अडाणीपणाचा नाही. भित्र्या माणसाला जे हवे असते त्यातले काहीतरी त्यास तेथे मिळते, म्हणून तो तेथे जातो. आणि तेच त्यास शिकलेल्या डॉक्टरकडे मिळाले तर तो तेथेही जाईल.

आता दात दुखतो तो का, हे थोडक्यात पाहू. कारण ते कळल्यावाचून डॉक्टर पारखता येत नाही. दाताच्या बाहेर शरीरातले सर्वांत कठीण असे कवच असते, त्याखाली थोडा मऊ थर आणि सर्वांत आत एक पोकळी. तीत रक्तवाहिन्या व नस असलेला लगदा. कवच किडते तेव्हा काही कळत नाही. कीड दुसऱ्या थरात गेली की गार पाणी, गोड पदार्थ झोंबू लागतात. ती लगद्याशी पोहोचली की लगदा सुजतो. पण भोवती कठीण भिंती असल्यामुळे सूज बाहेर पसरू शकत नाही, आणि सगळा दाब नसेवर येतो. रात्री आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दाढ रात्रीच ठणकते. काही दिवसांनी एके सकाळी ठणका एकदम थांबतो. घरचे म्हणतात, लवंगेने गुण आला. वास्तविक त्या दिवशी नस मेलेली असते. त्यानंतर जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तेथे पू धरू लागतो, तोही बहुधा गुपचूप.

सिद्धेश्वरच्या लोकांना हे समजाविण्यास दूर जावयास नको. पूर्णेवर आमच्याकडे धरण आहे. धरणाच्या भिंतीतून कोठे पाणी झिरपू लागले तर ते झिरपणे आपोआप थांबेल म्हणून कोणी वाट पाहत नाही, आणि दारांची तपासणी पूर आल्यावर करावयाची नसते, ती पावसाळ्यापूर्वी होते. दाताची गोष्ट तंतोतंत हीच. झिरपणे लहान असता जे काम सिमेंट भरून भागते, तेच पुढे रूट कॅनालवर जाते, म्हणजे आतला मेलेला लगदा काढून पोकळी साफ करून ती भरावी लागते व वर कॅप घालावी लागते. आणि त्याहून पुढे गेले म्हणजे दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यात भित्र्या माणसाचे एक खास नुकसान आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. पू धरलेल्या, सुजलेल्या जागी मांस आम्लधर्मी झालेले असते. आणि बधिर करण्याचे औषध अशा आम्लात नसेच्या आत नीट शिरत नाही. त्यामुळे तेथे सुई दिली तरी जागा पुरती बधिर होत नाही आणि रोग्यास खरोखरीच दुखते. म्हणजे असे पहा: भीतीमुळे माणूस उशिरा जातो, उशिरा गेल्यामुळे सुई लागू पडत नाही, दुखते, मग 'मी म्हणत नव्हतो?' असे म्हणून तो पुढची दहा वर्षे दंतवैद्याचे नाव काढीत नाही. त्या दहा वर्षांत आणखी दोन दाढा जातात. स्वीडनच्या उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ साली अशा रोग्यांचा अभ्यास करून हे दुष्टचक्र मांडले: भीती, टाळाटाळ, बिघाड, आणि मग आपल्या तोंडाच्या अवस्थेची लाज, जी भीतीत आणखी भर टाकते. आपल्याकडे मिशरी लावणाऱ्या बायकांच्या बाबतीत ही लाज फार मोठी असते. 'दात काळे आहेत, डॉक्टर काय म्हणतील' म्हणून कित्येकजणी पदर तोंडावरून काढीत नाहीत. डॉक्टरने त्याहून वाईट तोंडे रोज पाहिलेली असतात, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

चक्र कोठेतरी तोडावयाचे तर ते एकाच जागी तोडता येते: दुखत नसताना जाणे. भरवशाचा डॉक्टर शोधावयाचा तो दाढ ठणकत असताना नव्हे. ठणका लागलेला माणूस पारख करीत नाही. समोर जो दिसेल त्याच्या हाती जबडा देतो.

आता शोधावयाचा कोठे? सिद्धेश्वर औंढा नागनाथ तालुक्यात आहे आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला आमचा हिंगोली जिल्हा लहान आहे. गावात दंतवैद्य नसला की औंढा, तेथे जमले नाही तर हिंगोली, आणि काम अवघड असेल तर परभणी वा नांदेड, येथे दंत महाविद्यालये आहेत. आणि शासकीय दंत महाविद्यालय म्हटले की थेट छत्रपती संभाजीनगर, ते १९८२ पासूनचे. महाविद्यालयात शिकाऊ विद्यार्थी काम करतात म्हणून लोक बिचकतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. तेथे वेळ फार जातो हे खरे, परंतु विद्यार्थ्याच्या पाठीशी शिक्षक उभा असतो, पायरीपायरीला तपासणी होते आणि घाई कोणालाच नसते. घाई नसणे ही भित्र्या रोग्यास मोठीच सवलत आहे. जिल्हा रुग्णालयातील दंत विभागाचाही लोकांना विसर पडतो. तेथे गर्दी असते, पण नोंदणी झालेला दंतवैद्य असतो आणि खर्चाचा बोजा पडत नाही.

अंतराचा प्रश्न मात्र खरा आहे व शहरातील डॉक्टरांना तो पुष्कळदा कळत नाही. रूट कॅनालला दोन-तीन फेऱ्या, कॅपला आणखी दोन. प्रत्येक फेरीस एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडते. दाढ काढण्यास फेरी एकच. म्हणून वाचण्याजोग्या दाढा खेड्यातले लोक काढून टाकतात. भीती आणि गाडीभाडे मिळून हा निर्णय होतो, आणि डॉक्टरला वाटते रोग्याला दाताची किंमत नाही. यावर उपाय म्हणजे पहिल्याच भेटीत सांगणे, की आम्ही इतक्या लांबून येतो, किती फेऱ्या लागतील आणि त्या कमी करता येतील काय? पुष्कळ दाढांचे काम एका बैठकीतही होऊ शकते. भरवशाचा डॉक्टर हा प्रश्न ऐकून घेतो व वेळांची जुळणी करून देतो.

कायद्याने काय पाहावे तेही सांगतो. १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यकाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. त्याआधी कोणीही पाटी लावून बसत असे. कायदा झाला तेव्हा, पदवी नसलेल्या परंतु पुष्कळ वर्षे हाच धंदा करणाऱ्यांची वेगळी यादी करण्यात आली, आणि पदवीधरांची वेगळी. म्हणून जुन्या लोकांना बिनपदवीचे पण नोंदलेले दंतवैद्य आठवतात. ते त्या वेळचे. आज पाच वर्षांचा शिक्षणक्रम, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे, पुरा करून बी.डी.एस. झालेला आणि राज्याच्या दंत परिषदेकडे नाव नोंदलेला असेल त्यानेच हा व्यवसाय करावयाचा. २०२३ साली संसदेने या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. संस्थांची नावे बदलतील, नोंदणीची अट राहणारच आहे. तेव्हा दवाखान्यात शिरल्यावर भिंतीवरचे प्रमाणपत्र व त्यावरील नोंदणी क्रमांक पाहावा. न दिसल्यास विचारावे. महाराष्ट्राची परिषद मुंबईस आहे; तिच्याकडे चौकशी करता येते. (जाता जाता: आपल्या देशातले पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढले, आणि त्याचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी एक सोडा-आइस्क्रीमचे दुकान चालविले! गोड खाऊ घालून दंतवैद्य तयार करण्याचा हा प्रकार कोणास विनोदी वाटेल. पण पैसा सत्कारणी लागला हे निःसंशय.)

नोंदणी हा उंबरठा झाला. तो ओलांडलेले पुष्कळ असतात. त्यांतून आपला कोणता, हे नोंदणी सांगत नाही. येथे लोक ओळखीच्यांस विचारतात आणि ते योग्यच आहे, फक्त विचारावयाचे कोणास हे ठरवावे. ज्यास कशाचेच भय वाटत नाही असा पैलवान 'फार चांगला डॉक्टर आहे, दोन मिनिटांत दाढ काढली' म्हणून सांगेल. त्याची शिफारस आपल्या उपयोगाची नाही. आपल्याइतकाच भित्रा कोणी असेल, विशेषतः एखादी म्हातारी किंवा लहान मूल असलेली आई, आणि ती एकाच डॉक्टरकडे दुसऱ्यांदा गेली असेल, तर तिला विचारावे. 'दुखले का?' एवढेच विचारू नये. 'दुखले तेव्हा डॉक्टर थांबले का?' हे विचारावे.

पहिली भेट काही करून घेण्यासाठी ठेवू नये. दात तपासणे, फार तर साफ करून घेणे, एवढेच. आणि खुर्चीत बसण्याआधीच, अगदी पहिल्या वाक्यात, आपली भीती सांगून टाकावी. 'डॉक्टर, दाढ ठणकायलीय, पण मला लई भ्या वाटायलंय,' हे वाक्य म्हणण्यास लाजू नये. आम्ही भीतीस कसोटी म्हटले ते येथे. या वाक्यावर डॉक्टर काय करतो ते पाहावे. तो हसून 'एवढे मोठे होऊन भिता?' म्हणाला, तर त्याची विद्या कितीही मोठी असो, तो आपला डॉक्टर नव्हे. 'काही होत नाही, उघडा तोंड' म्हणाला, तरीही नव्हे. त्याने आपले म्हणणे ऐकलेच नाही. जो दोन मिनिटे हत्यार खाली ठेवतो आणि विचारतो, 'मावशी, कशाची भीती वाटते? सुईची, आवाजाची, की मागे कधी त्रास झाला होता?' तो कामाचा माणूस आहे. कारण उत्तराप्रमाणे उपाय वेगळा. सुईची भीती असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारे मलम लावून मग बारीक सुईने औषध अगदी हळू सोडता येते. सुईने दुखते त्यापेक्षा औषध जोराने घुसविल्याने अधिक दुखते. आवाजाची भीती असेल तर यंत्र आधी बोटाजवळ फिरवून दाखविता येते. हवेवर चालणारे वेगवान यंत्र १९५७ पासून आले. ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते, म्हणून त्याचा आवाज असा कर्कश. जुने, पायाने चालविण्याचे यंत्र आवाज कमी करी पण सारे डोके हादरवून टाकी. आवाज मोठा म्हणून इजा मोठी, हा हिशेब चुकीचा आहे.

आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे, ही रीत अमेरिकेत ॲडलस्टन यांनी १९५९ साली मुलांसाठी मांडली. आमच्या मते ती मोठ्यांनाही तितकीच लागू आहे. आणि हिच्याबरोबर एक ठराव हवा: डावा हात वर केला की डॉक्टरने थांबावयाचे. हा ठराव काम सुरू होण्यापूर्वी करावा, आणि पहिल्या पाच मिनिटांत, दुखत नसले तरी, एकदा हात वर करून पाहावा. डॉक्टर खरोखर थांबला तर निम्मी भीती तेथेच ओसरते. कारण खुर्चीतल्या माणसाला वेदनेपेक्षा आपल्या हाती काहीच नाही याचे भय अधिक असते. तो थांबला नाही, तर ते काम संपवून त्या दवाखान्यास रामराम करावा.

स्वच्छतेची पारख अवघड नाही. हातमोजे आपल्यासमोर नवे घातले गेले पाहिजेत. सुई आपल्यासमोर फोडली गेली पाहिजे. हत्यारे वाफेच्या दाबाखाली, निदान १२१ अंश उष्णतेत पंधरा मिनिटे ठेवून जंतुरहित केलेली असावीत. नुसते उकळणे पुरत नाही. अशी हत्यारे बहुधा बंद पाकिटात असतात आणि उष्णता लागल्यावर पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. 'डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर उघडाल का?' असे विचारण्यात अपमान काही नाही. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो, कारण त्या यंत्रावर त्याने पैसे खर्च केलेले असतात आणि कोणी त्याची कदर करीत नाही.

मग येतो खर्चाचा व उपचाराचा विषय, आणि येथेच पुष्कळांचा विश्वास उडतो. दाढ दाखविण्यास गेलेल्या माणसास 'सहा दाढा खराब आहेत, आजच सुरू करू' असे ऐकावे लागले म्हणजे त्यास वाटते, हा लुबाडतो आहे. तसे असेलच असे नाही. सहा दाढा खरोखर किडलेल्या असू शकतात. पण ते दाखवून देणे डॉक्टरचे काम आहे. आरशात दाखवावे, एक्स-रे काढून त्यातली काळी जागा बोटाने दाखवावी. दोन दातांच्या फटीतली वा मुळाशी असलेली कीड एक्स-रेशिवाय पुष्कळदा दिसतच नाही. तेव्हा एक्स-रे न काढता रूट कॅनाल करणाऱ्याविषयी शंका घेण्यास जागा आहे. कोणती दाढ आज करावयाची, कोणती सहा महिने थांबेल, कोणतीस नुसती नजर ठेवली तरी चालेल, दुसरा मार्ग कोणता, काहीच न केले तर काय होईल, आणि एकंदर खर्च किती, हे त्याने कागदावर लिहून द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात, रोग्याची संमती ही पुरेशी माहिती देऊनच घेतलेली असली पाहिजे आणि एका उपचाराची संमती दुसऱ्यास चालत नाही, असे स्पष्ट केले आहे. एक दाढ काढण्यास हो म्हटले म्हणजे दोन काढण्यास हो म्हटले असे होत नाही. लिहून दिलेला कागद व एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. 'खुशाल घ्या' म्हणणारा विश्वासास पात्र. 'मग तिकडेच जा' म्हणणारा आपणहून आपली परीक्षा देऊन गेला.

काही गोष्टींनी मात्र भुलू नये. झगमगीत खुर्ची, भिंतीवरचा दूरदर्शन संच, थंड हवेचे यंत्र, यांचा दाताशी संबंध नाही. 'वेदनारहित उपचार' असे पाटीवर लिहिलेले असते, त्यावरही फार विसंबू नये. वेदना बव्हंशी टाळता येतात. कधीच होणार नाहीत असे वचन कोणी प्रामाणिक माणूस देत नाही. 'थोडे चिमटल्यासारखे होईल, दहा आकडे मोजा,' असे म्हणणाऱ्यावर आम्ही अधिक विश्वास ठेवू. खरे सांगितलेले थोडे दुःख सोसता येते. खोट्या आश्वासनानंतर आलेले तेवढेच दुःख आयुष्यभर लक्षात राहते. मुलांच्या बाबतीत तर हे फारच खरे. आणि ज्या घरात 'गप्प बैस, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचवीन' असा धाक घालतात, त्या घरच्या मुलाची भीती कोणत्या डॉक्टरने काढावयाची?

रोग्याकडेही काही कामे येतात. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची झडप, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, हाडे ठिसूळ झाल्यावर देतात ती इंजेक्शने, गरोदरपण, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. आणि रक्त पातळ करण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तंबाखू, मिशरी, गुटखा लपवू नये. गालाच्या आतला पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, ही दाढेहून मोठ्या दुखण्याची खूण असू शकते आणि ती पाहण्यास दंतवैद्याइतकी चांगली संधी दुसऱ्या कोणास मिळत नाही. उपाशी जाऊ नये. भित्री माणसे सकाळपासून पाणीही न घेता जातात आणि सुई पाहताच त्यांना घेरी येते. जागा तेवढीच बधिर करावयाची असेल तर हलकी न्याहारी करून जावे. सुईतल्या औषधात बहुधा ॲड्रिनॅलिन मिसळलेले असते, त्याने काही मिनिटे छाती धडधडते. ही धडधड भीतीची नव्हे, औषधाची. ती आपोआप थांबते. एवढे आधी ठाऊक असले तर 'मला झटका आला' म्हणून खुर्चीतून उठण्याची वेळ येत नाही. तरीही डॉक्टरला सांगावे. दुखऱ्या दाढेपाशी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरू नये, तिने हिरडी भाजते. आमचा मुलूख हळदीचा. पण हळदीने दातातले भोक बुजत नाही.

आणि एवढे करूनही ज्यांचा थरकाप थांबत नाही अशी माणसे असतात. त्यांनी आपणांस कमी लेखू नये. मोठ्या शहरांतून वेल्सचा तोच जुना वायू आज मोजून-मापून देतात. माणूस जागा राहतो पण शांत होतो. पूर्ण भूल देऊनही दाताचे काम होते. परंतु ते भूलतज्ज्ञ हजर असलेल्या रुग्णालयातच, एरवी कोठे नाही.

या साऱ्या पारखीस एक अपवाद आहे. गाल वा हनुवटीखालचा भाग सुजून टणक झाला, तोंड उघडेना, घोट गिळवेना, ताप आला वा श्वास अडू लागला, तर डॉक्टर निवडीत बसू नये. दाढेतला पू गळ्यात उतरल्याची ती चिन्हे आहेत आणि त्याने माणूस दगावतो. अशा वेळी रात्र असो, अमावास्या असो, १०८ क्रमांकाची गाडी बोलावून थेट मोठे रुग्णालय गाठावे.

एरवी सकाळची पहिली वेळ मागावी, म्हणजे दिवसभर धास्ती वाढत नाही आणि परतीची एसटीही चुकत नाही. बरोबर एक शांत स्वभावाचा माणूस न्यावा. घाबरवून सोडणाऱ्या नातलगास घरीच ठेवावे. दाढ काढली असल्यास कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, सारखे थुंकू नये, चुळा भरू नयेत, त्या दिवशी तंबाखू मुळीच नको. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो, तोवर औंढ्याच्या स्थानकावर गरम चहा घेऊ नये, भाजलेले कळत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा फोन नंबर लिहून घ्यावा आणि रात्री रक्त थांबले नाही तर फोन केलेला चालेल का, हे तेथेच विचारून घ्यावे.